त्या पोरीचं पुढं काय झालं

‘मॉडरेट डिप्रेशन,’ सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या आणि केसपेपरवर लिहीत राहिल्या. म्हणजे मध्यम स्वरूपाचं नैराश्य. मध्यम म्हणजे काय, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, ‘म्हणजे स्वतःच्या पायांनी इथवर आलात. आणखी उशीर केला असतात तर कुणीतरी आणावं लागलं असतं.’

मी पत्रकं लिहिते. आमच्या खाडीत भराव टाकून मोठी जेटी बांधायला निघालेत, त्याविरुद्धची. ‘उठा, जागे व्हा’ हे माझं ठेवणीतलं वाक्य. आणि त्या दिवसांत मलाच अंथरुणातून उठता येत नव्हतं. पहाटेच जाग यायची आणि आढ्याकडे बघत पडून राहायचे. आंघोळ नकोशी. आईच्या हातचं कालवण मातीसारखं लागायचं. पत्रकाच्या दोन ओळी झाल्या की हात थांबायचा.

जेटीविरोधी संघटनेतले आमचे थोरले दादा म्हणाले, ‘हे शहरातल्या लोकांचे चोचले. चार गावं फिर, बरं वाटेल.’ चार गावं फिरले. चारही गावांत रडले. तुम्हाला कुणी असं सांगितलं तर ऐकून घेऊ नका. हात मोडलेल्याला कुणी झेंडा उचलायला सांगत नाही.

डॉक्टरबाईंनी अँटिडिप्रेसंट दिलं. ही झोपेची गोळी नव्हे. मेंदूतल्या ज्या रसायनांवर मनाची उभारी अवलंबून असते, त्यांची घडी ती हळूहळू बसवते. हळूहळू म्हणजे काही आठवडे. ‘तोवर मी काय करू?’ मी विचारलं.

त्यांनी भिंतीकडे बोट केलं. तिथं सरकारी पोस्टर होतं. त्यावर हसणारी बाई, कानात हेडफोन आणि खाली स्कॅन करायचा कोड. मन मोकळं करणारे पॉडकास्ट, मोफत.

माझं डोकं फिरलं. आठवड्यातून एकदा येणारा डॉक्टर, बाहेर बाकावर दाटीवाटीनं बसलेली माणसं, आणि आम्हाला काय, तर कोड चिकटवा आणि घरी जा. मी हे सगळं त्यांना सुनावलं. त्या पेन खाली न ठेवता म्हणाल्या, ‘चार तालुके माझ्याकडे आहेत. डॉक्टर वाढवा म्हणून अर्ज लिहा, पहिली सही माझी. पण तोवर कानात काहीतरी असू द्या. एकटीनं स्वतःच्या डोक्याचं ऐकत बसू नका.’

हे वाक्य मी घरी घेऊन आले.

आई सुकी मासळी विकते. दुपारी आम्ही दोघी अंगणात जवळा निवडायला बसतो, म्हणजे त्या सुकलेल्या बारक्या कोळंबीतून कचरा आणि खवले वेगळे करायला. हात गुंतलेले, कान मोकळे. मी एका कानात इअरफोन लावून तेच पॉडकास्ट ऐकायचे. बोलणारी बाई किहीमच्या बंगल्यात शनिवार-रविवार शहरातून येणाऱ्या लोकांसारखं बोलायची, पण आवाज थंड पाण्यासारखा होता. ती बोलत असेपर्यंत माझ्या डोक्यातला आवाज दबून राहायचा. हे कबूल करायला मला आजही जड जातं, कारण त्या पोस्टरवरचा माझा राग गेलेला नाही. पण खरं ते खरं.

आईला राहवेना. ‘काय म्हनते गो ती बाई?’

मी सांगितलं, ‘रोज तीन चांगल्या गोष्टी आठवायच्या, म्हणते.’

‘तीन? इचार तिला, एकात भागंल का.’

दुसऱ्या दिवशी, ‘स्वतःसाठी वेळ काढा, म्हणते.’

‘कुठनं काढायचा ते न्हाय सांगितलं?’

घरच्यांना ठामपणे नाही म्हणायला शिका, हे ऐकल्यावर आई इतकी हसली की जवळ्याचं सूप कलंडलं. ‘तू जन्मल्यापासून तेच करतंस. तिला म्हणावं, आमची पोर पास हाय.’ मीही हसले. किती दिवसांनी, ते माहीत नाही. मग रोजचंच झालं. बाई बोलणार, मी आमच्या बोलीत सांगणार आणि आई तिच्याशी भांडणार.

मग गोळ्या संपल्या. ठरल्या वारी गेले तर डॉक्टरबाई ट्रेनिंगला. खिडकीवरचा माणूस म्हणाला, ‘पुढल्या आठवड्यात या.’ पुढल्या आठवड्यात सुट्टी. या आजारात गोळी एकदम तुटली की माणूस खाली कोसळू शकतो, हे मला तिथं कुणी सांगितलं नाही. म्हणून मी इथं सांगतेय. गोळी स्वतःहून सोडू नका, आणि संपत आली तर संपायच्या आधी आरडाओरडा करा.

त्या दिवसांत कानातली बाई बोलत राहायची आणि मला एक शब्द कळायचा नाही.

‘आज काय म्हनते?’ आईनं विचारलं.

मी जवळ्यात बोटं फिरवत म्हटलं, ‘आज एक पोरगी आलीय बोलायला. तिला रोज वाटतं, उद्याची सकाळ झालीच नाही तर बरं. आपण नसलो तर घरच्यांचं ओझं कमी होईल. ती कुणाला सांगत नाही.’

आईची बोटं चालू होती. ‘कुठली गो ती?’

‘तसं नाही सांगितलं.’

‘तिला आई हाय?’

‘आहे.’

‘मग आईला ठाव हाय का, पोरगीला असं वाटतंय ते?’

त्या एपिसोडमध्ये अशी कुणी पोरगी नव्हती. आईनं सूप बाजूला सरकवलं आणि जवळ्याचे हात तसेच माझ्या गालाला लावले. म्हणाली, ‘तिला सांग, ओझं आईला इचारून ठरवायचं असतं.’

रात्रभर तिनं माझा हात सोडला नाही. सकाळी दवाखान्यातल्या नर्सबाईंना फोन करून विचारलं, डॉक्टरीण आज कुठं बसतात. त्या तळा तालुक्याच्या दवाखान्यात होत्या. आईनं विक्री बंद ठेवली, दोन एसट्या बदलून मला तिथं नेलं. अख्ख्या गाडीला जवळ्याचा वास. एकानं नाक धरलं, तर आई त्याला म्हणाली, ‘धरून ठेव. तळा येईस्तवर सोडू नको.’

डॉक्टरबाईंनी सरळ विचारलं, ‘मरणाचे विचार येतात?’ मी आईकडे बघितलं. आई म्हणाली, ‘तुझं तू सांग, बाय. मी हाय इथं.’

मी सांगितलं. ‘मी’ म्हणून सांगितलं. पोरगी नाही, एपिसोड नाही.

डॉक्टरबाईंनी या वेळी पेन खाली ठेवलं. ‘याला सुइसायडल आयडिएशन म्हणतात. मरणाचे विचार मनात घर करून बसणं. तापात अंग भाजतं, तसं हे या आजाराचं लक्षण आहे. ते तुमचं मत नाही.’

आयुष्यभर मतं मांडत आलेल्या मला हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. त्या आईच्या ताब्यात असतात. आता पुष्कळ बरं आहे, पूर्ण नाही. डॉक्टर वाढवा, गोळ्या तुटू देऊ नका, हा अर्ज मी लिहिला, आणि पहिली सही ठरल्याप्रमाणे डॉक्टरबाईंची आहे. उत्तर आलेलं नाही. मी पाठ सोडणार नाही. पॉडकास्ट अजून ऐकते आणि तुम्हीही ऐका. पण तो आवाज तुम्हाला उलटा प्रश्न विचारत नाही. तुम्ही गप्प झालात तर त्याला कळत नाही, तो बोलतच राहतो. म्हणून एक कान उघडा ठेवा. ‘आज काय म्हनते?’ असं विचारणारं कुणी शेजारी असेल तर त्याला खरं सांगा. ‘मी’ म्हणवत नसेल तर दुसऱ्या कुणाचं म्हणून सांगा, पण सांगा. आणि शेजारी कुणीच नसेल तर डॉक्टरला गाठा किंवा सरकारच्या मोफत हेल्पलाइनला फोन लावा.

आई अजून त्या पोरीची चौकशी करते. काल चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली, ‘त्या पोरीचं पुढं काय झालं गो?’

मी म्हटलं, ‘तिला भूक लागलीय.’

‘मग बोलाव तिला,’ आई म्हणाली. ‘कालवण उतरवतंय.’