जावयाच्या शिकारीसाठी सॅक

वहिनीचा फोन आला तेव्हा मी दारात तांदळाच्या पिठाची रांगोळी घालत होते. "लवकर ये गे, हे उठत नाहीत..." एवढंच ती म्हणाली. मी पिठाच्या हातांनीच धावले. अण्णा कुशीवर झोपल्यासारखाच होता. माझा थोरला भाऊ झोपेतच गेला होता. याला आता काही आठवडे झाले.

कुंभकोणमच्या बाजारात अण्णाचं बॅगांचं दुकान होतं. शाळेची दप्तरं, यात्रेकरूंच्या पिशव्या, नव्या नवऱ्यांच्या सुटकेसी... गावातल्या निम्म्या लोकांच्या खांद्यावर त्याचाच माल असायचा. गिऱ्हाइकाशी तमिळ, घरात आमची जुनी मराठी. गळ्यात तुळशीची माळ, आणि घरात अंड्याचं नावसुद्धा निघत नसे. त्याच्या लेकीनं, सुगुणेनं, न्यूझीलंडला बेनशी लग्न केलं, तेव्हा परका जावई त्यानं कसाबसा पचवला. पण बेन डोंगरात हरणांची शिकार करतो आणि घरात वर्षभर तेच मांस शिजतं, हे कळलं तेव्हा त्यानं लेकीशी बोलणंच टाकलं. सुगुणेचा फोन आला की तो उठून अंगणात जायचा. वहिनी मुद्दाम मोठ्यानं बोलायची, म्हणजे त्याला ऐकू जावं.

असंच एकदा सुगुणा रडत सांगत होती. उतारावरून येताना बेनच्या सॅकचा पट्टा तुटला, तोल गेला, आणि तो पाय मोडून रात्रभर थंडीत पडून राहिला. सकाळी माणसं पोचली म्हणून वाचला. आता पाय बरा झालाय आणि हा पुन्हा निघालाय... अण्णा आत आला. वहिनीच्या हातातून त्यानं फोन घेतला आणि इतक्या दिवसांनी लेकीशी पहिलं वाक्य बोलला, "पट्टा कुठे तुटला? शिलाईशी की मधे?"

मग तो कामालाच लागला. चेन्नईहून, कोइम्बतूरहून सॅका मागवल्या. एकेकीत वाळू भरून दुकानाच्या कडीला टांगल्या, घागरीनं पाणी ओतलं, पट्ट्यांचे जोड ओढून पाहिले. लेकीला प्रश्न विचारायचा : बेनची पाठ केवढी, हातमोजे घालून बक्कल उघडतं का, कमरेला पट्टा लागतो का. आणि एका संध्याकाळी मी तिथं असताना त्यानं घसा खाकरून विचारलं, "आतलं कापड धुता यायला हवं ना? रक्त लागलं तर..." वहिनीनं पदर तोंडाशी नेला.

शेवटी दोन सॅका उरल्या. त्या पारखायला तो मला घेऊन पट्टीश्वरमच्या देवळापर्यंत चालत गेला. वेष्टी नेसलेला, पाठीवर डोंगर चढायला निघाल्यासारखं ओझं, दुसरी सॅक माझ्या हातात. चहावाले हसत होते. जाताना पाठीवर होती ती सॅक पावलागणिक कुरकुरत होती. देवळाच्या सावलीत ती उतरवत तो म्हणाला, "ही नको. हिचा आवाज होतो."

"मग हीच धाड की अण्णा. हरणं तरी पळतील."

"माझ्याही मनात आलं होतं ते," तो म्हणाला. "पण आवाज होतो म्हणून तो ती घरीच ठेवील आणि जुनीच नेईल. मग मज काय मिळालं? हरणांचं विठ्ठल पाहील गे. मज सुगुणेचं पाहू दे." येताना त्यानं दुसरी पाठीवर घेतली. साधी, मातकट रंगाची, जाड कापडाची. तीच गेली.

पुढच्या वर्षी बेन आणि सुगुणा आले. बेन बाहेर चपला काढून, वाकून, आत आला. पाठीवर तीच सॅक, ओरखडे पडलेली. अण्णानं आधी त्याच्या खांद्यावरच्या पट्ट्याची शिलाई बोटांनी चाचपली आणि मग तो हात त्याच्या खांद्यावर तसाच राहू दिला. "नीट धरते ना?" त्यानं विचारलं. बेन सुगुणेकडून चार शब्द शिकून आला होता, ती बापाला मारते ती हाकही. "धरते, अप्पा," तो म्हणाला. पानावर बसल्यावर अण्णानं स्वतः त्याला आंबट वरण वाढलं, दोनदा.

परवा दुकानात गेले. पंख्याखालच्या खुर्चीत वहिनी बसली होती. जन्मात कधी गल्ल्याशी न बसलेली वहिनी. पासपोर्टसाठी काढलेले फोटो तिनं मला दाखवले. सुगुणेला दिवस गेलेत; बाळंतपणाला आईच हवी म्हणते.

"बेननं मांसाचा फ्रीज बाहेर शेडमध्ये नेलाय म्हणे, माझ्यासाठी," ती म्हणाली. "मी त्यास सांगितलं, बाहेर कशास ठेवतोस, आत आण. स्वयंपाकास एक कोपरा मज दे, झालं."

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. वहिनी पदर खोचून उठली.