मंगळवारचा वाढदिवस शनिवारी

मी इंजिनिअर झालो तो रशियात. सोव्हिएत काळात शिष्यवृत्ती मिळाली, पुण्याहून उठून थेट बर्फात जाऊन पडलो, आणि सहा वर्षांनी बीटाचं सूप ओरपत, फर्डं रशियन बोलत परत आलो. पुढे तो देशच राहिला नाही, आणि माझ्या रशियनला कुत्रंही विचारेना. दोन हजार सालानंतर आम्ही न्यूझीलंडला आलो, हॅमिल्टनमध्ये रोटोटुनाला घर घेतलं. तिथे तर काय, रशियन येतं म्हटलं की लोक "स्वीट ॲज!" म्हणत वाहवा करायचे आणि रग्बीकडे वळायचे.

एका रविवारी मी जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून बागेत पाणी घालत होतो, तर कुंपणापलीकडून खणखणीत रशियन भांडण ऐकू आलं. नव्या शेजारणीची आई आठवड्यापूर्वीच रशियाहून आली होती आणि तिने अंगणातलं अख्खं लॉन कुदळीने उपसून काढलं होतं. मुलगी रडकुंडीला येऊन ओरडत होती, "आई, हे भाड्याचं घर आहे!" मला राहवलं नाही. मी कुंपणावरून रशियनमध्ये विचारलं, "बटाटे लावताय वाटतं?" म्हातारीच्या हातातली कुदळ खाली पडली.

तिथून आमचं जे गूळपीठ जमलं ते विचारू नका. मी तिला रशियन रीतीने तिचं नाव आणि तिच्या वडलांचं नाव जोडून हाक मारायचो. वडलांचं नाव आपल्याही नावात असतं, पण आपण ते फॉर्म भरताना वापरतो आणि बाकी वेळ विसरतो. ती मला पहिल्या दिवसापासून अरेतुरे करायची. चाळिशी उलटलेल्या माणसाला परक्या देशात कोणी हक्काने अरेतुरे केलं की किती बरं वाटतं म्हणून सांगू! इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू', मग साहेब असो की मांजर. माझी विभक्ती चुकली की ती तिथल्या तिथे सुधारायची, आणि वर म्हणायची, "सहा वर्षं काय करत होतास रे, झोपला होतास?"

तिचं राजकारण एका वाक्याचं होतं. पेन्शन वेळेवर येते की नाही? येते, मग सरकार चांगलं. मुलीचं म्हणणं नेमकं उलट. ती इंटरनेटवर बातम्या वाचायची आणि रशियात पेपर, टीव्ही सगळ्यांची तोंडं कशी बंद होत चालली आहेत ते पोटतिडकीने सांगायची. मग दोघी माझ्याकडे वळायच्या. "तू सांग, तू राहिलायस तिथे!" मी पुणेकर, मला मत नाही असं कधी झालंय? पण त्या घरात मी जिभेला आवर घालायला शिकलो. मी म्हणायचो, आमच्या वेळी आधी रांगेत उभं राहायचं आणि मग काय मिळतंय ते विचारायचं. त्यावर दोघी हसायच्या आणि भांडण तेवढ्यापुरतं मिटायचं. म्हातारीचा तर इथल्या सुपरमार्केटवर विश्वासच नव्हता. एवढा माल आणि रांग नाही, म्हणजे मालात काहीतरी खोट असणार!

माझ्या बायकोला रशियन येत नव्हतं आणि म्हातारीला इंग्रजी, पण त्या दोघी तासन्‌तास गप्पा मारायच्या. ही मराठीत, ती रशियनमध्ये. आमची पोरं तिला आजी म्हणायची, म्हणून हीही आजीच म्हणू लागली. आजी लोणची घालायची काकड्यांची, ही कैरीची, आणि बरण्या कुंपणावरून इकडून तिकडे जायच्या.

पण या सगळ्यावर एक टांगती तलवार होती. आजी व्हिजिटर व्हिसावर आली होती. मुलगी एकटी, पदरात आठ वर्षांची पोर, दिवसभर दातांच्या दवाखान्यात नोकरी. तिला आई कायमची इथे हवी होती. कागद सहीसाठी तयार होते, आईने फक्त हो म्हणायचं होतं. आणि आई म्हणत नव्हती. "इथे मी मुकी आहे," ती मला म्हणायची. "डेअरीत दूध आणायला गेले तरी बोट दाखवावं लागतं. तिथे निदान शिव्या तरी देता येतात." शेवटी मुलीने फारच धरलं, तेव्हा म्हणाली, "फेब्रुवारीत माझी सत्तरी आहे. त्या दिवशी सांगेन." मुलगी त्या दिवसाची डोळ्यांत प्राण आणून वाट बघत होती. खरं सांगायचं तर मीही. ही बाई परत गेली असती तर माझं रशियन पुन्हा माळ्यावर गेलं असतं, आणि त्याबरोबर मी विशीतला होतो तोही.

वाढदिवस मंगळवारी होता. त्याआधीचा आठवडा मी कामाला टौरंगाच्या बंदरावर होतो. बायको फोनवर एवढंच म्हणाली, "शनिवारी दुपारपर्यंत या हं, गंमत आहे." मी आलो तर घराबाहेर गाड्याच गाड्या, आत मराठी मंडळाची निम्मी टाळकी, भिंतीवर फुगे, आणि टेबलावर केक. केकवर सत्तर.

"अगं, हे काय?"

"आजींचा वाढदिवस! पोरांकडून कळलं मला. त्यांच्या मुलीला म्हटलंय, आईला घेऊन नुसतं चहाला या. सरप्राइज आहे."

"तो मंगळवारी आहे!"

"अहो, मंगळवारी कोणाला वेळ असतो?"

यात तिची काय चूक? परदेशातल्या मराठी माणसाचं पंचांग शनिवारपासून सुरू होतं आणि रविवारी संपतं. आमची दिवाळी शनिवारी, संक्रांत शनिवारी, गणपती येतात ते हॉल मिळेल तेव्हा. पण रशियात वाढदिवस एकवेळ उशिरा केलेला चालतो, आधी केलेला बिलकुल नाही. आधी शुभेच्छा दिल्या की तो माणूस त्या दिवसापर्यंत टिकत नाही, असं तिथे शिकलेसवरलेलेही मानतात. हे मी बायकोला सांगायला तोंड उघडलं आणि दार वाजलं.

"सरप्राइज!" पन्नास घसे एकदम ओरडले आणि हॅपी बर्थडे सुरू झालं. आजीचा चेहरा पांढराफटक पडला. तिने डाव्या खांद्यावरून तीनदा थू थू केलं, लाकडी चौकटीवर ठोकलं आणि खुर्चीत बसकण मारली. मुलीने डोकंच धरलं. गाणं मध्येच विरलं. आजी मला म्हणाली, "संपलं. तिकीट काढायला सांग हिला. मरायचंच आहे तर घरी मरते." मुलगी तिथेच, सगळ्यांदेखत, हमसून हमसून रडायला लागली.

मी बायकोला दोन वाक्यांत सगळं सांगितलं. तिने कपाळावर हात मारून घेतला, "अगं बाई!" म्हणाली, आणि तरातरा स्वयंपाकघरात गेली. आली ती मुठीत मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्या घेऊन. तिने आजीला पूर्वेकडे तोंड करून बसवलं आणि आल्यागेल्याची, पाप्यापापिणीची म्हणत साग्रसंगीत दृष्ट काढली. आजीने मला काही विचारलं नाही. तिला सगळं कळलं होतं. ती एखाद्या शहाण्या मुलीसारखी मान खाली घालून बसली. मग हिने ते सगळं गॅसवर तव्यात टाकलं, आणि त्या मिरच्यांच्या धुराने घरातला स्मोक अलार्म असा काही कोकलला की पन्नास माणसं खोकत, डोळे चोळत लॉनवर पळाली. समोरचे माओरी आजोबा "किया ओरा, सगळं ठीक ना?" म्हणत बादली घेऊन धावत आले. आजी पोट धरून हसत होती. पण जाताना म्हणाली, "मंगळवारपर्यंत जगले तर बोलू."

मंगळवारी मी रजा टाकली. बायकोने रव्याचे लाडू बांधून दिले, पण दार वाजवायची माझी हिंमत होईना. मुलीनेच उघडलं. तीही कामावर गेली नव्हती. डोळे सुजलेले, रात्रभर आईच्या श्वासाकडे कान लावून बसली होती बिचारी. आजी मात्र स्वयंपाकघरात ठणठणीत, फुलाफुलांचा झगा घालून बटाटे सोलत होती. मी शुभेच्छा दिल्या. या वेळी तिने त्या मोजूनमापून, मान हलवत घेतल्या.

"तिकिटाचं काय?" मी विचारलं. मुलगी दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

आजीने हातातला बटाटा सोलून पाण्यात टाकला.

"माझ्या गावात," ती म्हणाली, "आज माझा वाढदिवस आहे हे ठाऊक असलेलं एकही माणूस आता जिवंत नाही. आणि इथे तुम्हा खुळ्यांना मंगळवारपर्यंत धीर धरवत नाही." मग सुरी खाली ठेवून ती मुलीवर खेकसली, "बघतेस काय अशी? पेन आण."