मंगळावरच्या रेघा

पावणं, केरबाचं नाव काढून हसू नगासा. माझा धाकटा भाऊ त्यो. महाद्वार रोडला त्याचा अन् आण्णाचा भागीत फोटो स्टुडिओ होता. केरबा फोटो काढायचा. आण्णा काचेच्या निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून माणसं देखणी करायचा. लग्नाच्या पोरीचं नाक सरळ करायचा, गालावरचा डाग घालवायचा. आण्णा आमच्या चुलीपाशी जेवून वाढलेला. परका कधी वाटलाच न्हाय मेला.

केरबाला नाद आभाळाचा. स्वतः आरसा घासून दुर्बीण केलती. मी म्हणायची, "लोक मंगळ पत्रिकेत बघत्यात, तू बस कौलावर चढून!" छप्पन साली मंगळ लई जवळ आलता. भादव्याचं ढग, मधनंच फट पडायची. तेवढ्यात फोटोच्या पाच काचा साधल्या. एकेकीवर मंगळ मोहरीएवढा अन् सगळा रवाळ. मग पाची काचा एकावर एक जुळवून त्यानं एक मोठी काच केली. "आक्का, रवा एकमेकांत जिरतुय, खरं असंल तेवढंच ऱ्हातंय," म्हणाला. कॉलेजवाल्यांना ते पटलं तर त्यांच्या मोठ्या दुर्बिणीवर बसू देणार हुते. अन् नेमका तापानं आडवा झाला. आण्णाला बजावलं, "नुसती छाप. पेन्सिल लावू नगंस."

छापलेला फोटो बघून केरबा अंथरुणात उठून बसला. मंगळावर बारीक बारीक रेघा!

"आण्णा, पेन्सिल न्हाय न्हवं?"

"तुझ्या गळ्याची आण."

केरबाला लई खरं वाटलं. वाटायचंच की, दोस्त हुता त्यो!

ताप उतरल्यावर केरबानं फोटो अन् काच कॉलेजाच्या सभागृहात नेली. बघायला पुण्याचे प्राध्यापक आलते. त्यांनी काच उजेडाला तिरकी धरली, तशा रेघा शिशासारख्या चकाकल्या. "हे कुणी रंगवलं?"

केरबा ताठ मानेनं म्हणाला, "माझ्या काचंला पेन्सिल लागलेली न्हाय. इचारा ह्याला."

आण्णा चपलेकडं बघत हुबा. सगळं सभागृह हसलं.

घरी आल्यावर आण्णा म्हणतोय, "नुसता गोळा दिसत हुता रं. हात ऱ्हायला न्हाय. बरं दिसावं म्हणून केलं."

"ते पोटात घातलं असतं," केरबा म्हणाला, "तिथं गप का बसलास?"

"स्टुडिओचं नाव गेलं असतं की."

केरबाचं गेलं ते चाललं व्हय रे, भाड्या? माझ्या अंगाची लाहीलाही झाली. केरबानं मात्र टर्पेंटाईनचं फडकं घेऊन काच पुसली, स्वतः छापली. रेघा गेल्या. खाली खरा मंगळ हुता, एका टोकाला पांढरी टोपी, मधी करडा पट्टा. इतका सुरेख, की मलाबी कळला.

दुसऱ्या दिवशी त्यो फोटो घेऊन कॉलेजात गेला. तिथल्या मास्तरांनी बघितला अन् हसत इचारलं, "वा! ह्या वेळेला कुणाकडनं काढून आणला?"

केरबा घरी आला. दुर्बिणीतला आरसा काढून माझ्या हातात ठेवला. "कुकू लावायला घे, आक्का."