एकट्याचा दिवस

घोडा नव्या घरी पोचवायला गेलं, की बसकाका आधी गाडी वळवून तिचं तोंड रस्त्याकडे करत आणि मगच मागची फळी खाली टाकत. बघणाऱ्याला वाटे, तीस वर्षं बस चालवलेला माणूस, अंगात शिस्त मुरलेली असणार. शिस्त कसली डोंबलाची! घोडा उतरला, दावं नव्या माणसाच्या हातात दिलं, की मागे न बघता निघून जाता यावं म्हणून केलेली ती सोय होती. सात वर्षांत त्यांनी चाळीसेक घोडे असे पोचवले आणि एकदाही मागे वळून बघितलं नाही. बघितलं तर पुढचा घोडा पोचवायला हात धजणार नाही, हे त्यांना पहिल्याच खेपेला कळलं होतं.

घोड्यांचा हा निवारा गावाबाहेरच्या एका बंद पडलेल्या दूधडेअरीत होता. गोठ्याचे बारा कप्पे, मागे तारेच्या कुंपणाचं मैदान, पुढे एक पत्र्याची खोली. सगळं चालवायच्या बाई. या बाई शाळेत कवायत शिकवायच्या. शाळा सुटली तरी गळ्यातली शिट्टी सुटली नव्हती. पगार कुणालाच नव्हता. लोकांनी दिलेल्या गवतावर आणि औषधांवर गाडा ओढायचा. रविवारी हौसेनं लीद उचलायला येणारी माणसं चार रविवारांत गळायची आणि शेवटी उरायचे बाई, बसकाका आणि आठवड्यातून दोनदा येणाऱ्या जनावरांच्या डॉक्टरीणबाई. घोड्यांना मात्र गळती नव्हती. कुणी शर्यतीत मागे पडलेला, कुणाचा पाय अधू झालेला, कुणी पोरं मोठी झाल्यावर अंगणात नुसताच उभा राहिलेला. ‘घरातलाच आहे हो आमच्या,’ असं डोळे पुसत सांगायचं आणि दावं बाईंच्या हातात कोंबून पळायचं, ही लोकांची रीत. या डोळे पुसणाऱ्यांची बसकाकांना भारी चीड यायची. रडायचंय तर ठेवा ना घरी!

पण आता चिडायलाही त्राण उरलं नव्हतं. कंबर कामातून गेली होती. सकाळी काकू त्यांना कमरेचा पट्टा आवळून द्यायच्या आणि रोज तेच म्हणायच्या, “अहो, ही कंबर काही बसची नाही. हिचे सुटे भाग मिळत नाहीत.” शेवटी काकांनी शब्द दिला होता, की मुकादमाची खेप शेवटची. मग गाडीची चावी बाईंच्या टेबलावर ठेवायची आणि दुपारी माणसासारखं झोपायचं.

मुकादम म्हणजे तांबडा, रुंद छातीचा घोडा. पोरांना घोड्यावर बसायला शिकवणारी एक शाळा बंद पडली, तिथून तो आला. त्याच्याबरोबर आली एक राखाडी घोडी. मुकादम सगळ्यांच्या पुढे रुबाबात चालायचा आणि ही त्याच्या पुठ्ठ्याला नाक लावून मागे. पाण्यावर जा, चाऱ्यावर जा, गाडीत चढ, कायम मागे. म्हणून तिचं नाव पडलं शेपूट. सगळे तिला हसायचे. “नवरा चपला शोधायला लागला, की हिची पिशवी तयार,” असं काकाच म्हणाले होते आणि बाईंना हसून हसून ठसका लागला होता. ती अशी का चालते, हे कुणाच्याही डोक्यात आलं नाही.

निवाऱ्याचा एक नियम होता. घोडा कुणाला द्यायच्या आधी त्याला एक अख्खा दिवस मागच्या मैदानात एकटा ठेवायचा. बाकीच्यांशिवाय तो चारा खातो का, तारेवर जातो का, ओरडून ओरडून जीव टाकतो का, ते बघायचं. याला सगळे ‘एकट्याचा दिवस’ म्हणत, आणि ते काम काकांचं. उपड्या बादलीवर बसून डोळ्यांत तेल घालून बघायचं आणि तासातासाला वहीत लिहायचं. मुकादम त्या दिवशी पोटभर चरला, लोळला, दुपारी उन्हात डुलक्या घेतल्या. पहिल्या नंबरात पास! शेपूट दिवसभर तिच्या कप्प्यात उभी होती. काका तीनदा तिच्या समोरून गेले, तिन्ही वेळा ती त्याच जागी, त्याच बाजूला तोंड करून. पाण्याची बादली हातभर अंतरावर भरलेली तशीच. काकांनी तिची मान थोपटली, “शहाणी गं माझी बाय,” म्हणाले आणि वहीत खाली दोन शब्द लिहिले : ‘शेपूट शांत.’

मुकादमाला मागणी आली होती चाळीस किलोमीटरवरच्या एका रोपवाटिकेतून. रोपवाटिका चालवणाऱ्या ताई आणि त्यांचे म्हातारे वडील, एवढंच घर. आई गेल्यापासून वडिलांनी खोली सोडली नव्हती. तरुणपणी त्यांनी घोडे सांभाळले होते, म्हणून ताईंनी हा शेवटचा उपाय करून बघायचं ठरवलं होतं. काकांनी गाडी वळवली, फळी टाकली. म्हातारबुवा भिंतीला धरत धरत अंगणात आले आणि त्यांनी मुकादमाच्या नाकपुडीपुढे तळहात धरला. काकांनी दावं त्यांच्या हातात दिलं आणि समोर बघत गाडी काढली. शेवटची खेप छान झाली म्हणून ते वाटेत चहा प्यायलाही थांबले.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेपूट मैदानात सोडल्यावर सरळ तारेवर जाऊन आदळली. बिचकून पळाली असंही नाही. समोर काही नसल्यासारखी चालत गेली. छाती फाटली. डॉक्टरीणबाईंनी टाके घातले, मग बराच वेळ तिच्या डोळ्यांत बॅटरी मारून बघितलं आणि बॅटरी बंद केली.

“काका, हिला दिसत नाही.”

“तार लागली डोळ्याला?”

“नाही. कधीचंच दिसत नाही. वर्ष, दोन वर्षं. डोळे वरून काचेसारखे स्वच्छ आहेत. मी तपासताना हात हलवला, तेव्हा वाऱ्यानं पापणी मिटली असेल. मीही फसले.”

मुकादम तिचे डोळे होते. तिनं त्याच्या टापांचा आवाज धरून दोन वर्षं काढली होती आणि ते डोळे काकांनी स्वतःच्या हातानं गाडीत घालून चाळीस किलोमीटरवर पोचवले होते. वर ‘शांत’ म्हणून लिहून ठेवलं होतं! शांत कसली, दिवसभर पाय उचलायची तिची हिंमत झाली नव्हती. सात वर्षं जो जाणार त्याची परीक्षा घेतली. जो मागे राहणार, त्याच्याकडे कुणी बघितलंच नाही.

मुकादम गेला त्या दिवसापासून शेपटीनं खाणं सोडलं होतं. शेजारी दुसरा घोडा आणून बांधला, तर तिनं एकदा वास घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं. गूळ नको, गाजर नको. पाणी तेवढं काकांनी तोंडाशी धरलं तर चार घोट. पाचव्या दिवशी, शनिवारी, तिच्या बरगड्या मोजता यायला लागल्या. डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, “सोमवारपर्यंत बघू. नाहीतर तिला झोपेचं इंजेक्शन देऊन सुखानं जाऊ द्यावं.”

काका बाईंकडे गेले. “मुकादम परत आणू या.”

“दिलेला घोडा आपण परत मागत नाही, काका. उद्या आपल्यावर विश्वास कोण ठेवेल?”

“मग हिला तिकडे पोचवतो.”

“आंधळी घोडी? त्या घरी? त्या एकट्या बाईला एक घोडा दिलाय तोच पुष्कळ आहे. आपलंच घोडं दामटू नका.” मग बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. त्याही थकल्या होत्या. “पण चावी तुमच्याकडेच आहे,” त्या म्हणाल्या, “आणि उद्या मी उशिरा येणार आहे.”

रविवारी सकाळी शेपटीला गाडीत चढवायला एक तास लागला. एरवी मुकादमाच्या मागे खटाखट चढणारी घोडी फळीला खूर लागला की थरथरायची. शेवटी काका पुढे झाले, टाचा आपटत, खट खट, एक एक पाऊल मागे सरकत तिला वर घेत गेले. कमरेतून कळा येत होत्या. आपण किती गाढव आहोत, हे ते तिला पुन्हा पुन्हा सांगत होते. मग त्यांनी गाडी अशी चालवली, की जणू मागे म्हाताऱ्या बायका उभ्या असाव्यात.

ताई फाटकाशी कुंडीत माती भरत होत्या. काकांनी सवयीनं गाडी वळवून उभी केली आणि खाली उतरून सगळं सांगितलं.

“काका, मी वाईट नाही हो,” ताई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं. “बाबांचं करते, रोपं बघते, आता घोडा. सहा दिवसांत बाबा जेवायला बाहेर यायला लागलेत. पण आंधळी घोडी मला नाही झेपणार. आणि तुम्ही बघून, पारखून दिलात ना? तेव्हा कसं नाही कळलं?”

काका गाडीकडे वळले आणि फळीची कडी तपासू लागले.

तेवढ्यात घरामागून मुकादम खिंकाळला. आणि गाडीतून उत्तर आलं. सहा दिवस मुकी असलेली घोडी अशी ओरडली, की गाडीचा पत्रा हादरला. मुकादमाला धरून, खरं तर मुकादमाला टेकून, बाबा कोपऱ्यावरून आले. काकांनी फळी खाली टाकली. मुकादमानं सरळ आत मान घातली आणि शेपटीनं त्याच्या मानेवर नाक ठेवलं. काही वेळ दोघं नुसती श्वास घेत होती. मग तिनं तोंड वळवलं, बाजूला टांगलेल्या जाळीतून गवताचा घास ओढला आणि चावायला लागली. तो आवाज ऐकून काकांना रडू आलं. त्यांनी ते लपवलंही नाही.

“काय झालंय हिला?” बाबांनी विचारलं.

काकांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. काही गाळलं नाही, वहीतले दोन शब्दसुद्धा.

“किती दिवस जेवली नव्हती?”

“सहा.”

“मी नऊ दिवस नव्हतो जेवलो,” बाबा म्हणाले. ताईंनी मान खाली घातली. बाबांनी मुकादमाच्या कपाळावरचे केस नीट केले, दाव्याची गाठ उगाच सोडून परत बांधली. “घेऊन जा याला.”

“बाबा!” ताई म्हणाल्या.

“मला दिसतंय सगळं. तिला दिसत नाही. न्या म्हणतो ना, माझं मन फिरायच्या आत.” त्यांनी दावं काकांच्या हातात दिलं आणि भिंतीला धरून परत निघाले.

मुकादमाला शेपटीशेजारी चढवून काका गाडीत बसले. गाडीचं तोंड रस्त्याकडेच होतं. नुसता गिअर टाकायचा होता. पण तीस वर्षांची सवय सात वर्षं दाबून ठेवली होती, ती आज ऐकेना; निघण्याआधी नजर आरशात गेली. बाबा आत गेले नव्हते. दारात उभे होते आणि ज्या मुठीत दावं होतं, ती अजून तशीच मिटलेली होती. काकांनी जन्मात कधी उतारू स्टॉपवर सोडून गाडी काढली नव्हती. “छे, हे काही खरं नाही,” असं पुटपुटत ते कंबर धरून खाली उतरले.

“बाबा, रविवारी काय करता?”

“काय करणार? सोमवारी करतो तेच.”

“नऊ वाजता तयार राहा. मी न्यायला येतो. याला खरारा कोण करणार? माझी कंबर वाकत नाही.”

“चाळीस किलोमीटर यायचं, परत चाळीस जायचं?”

“बसवाल्याला अंतर सांगताय?”

बाबांची मूठ उघडली.

निवाऱ्यात बाईंनी दोन घोडे उतरताना बघितले. शिट्टी तोंडात धरली, वाजवली नाही. “म्हणजे रिकामा केलेला कप्पा परत भरला,” त्या म्हणाल्या. “आता यांना जोडीनंच द्यायचं. आणि जोडी कोण नेतंय, काका? म्हातारे होतील इथेच.”

“होऊ देत. आपणही होतोयच.”

बाईंनी वही ओढली आणि पट्टीनं एक नवा रकाना आखला. त्यावर लिहिलं : ‘मागे राहणारा.’

काका घरी आले, तेव्हा काकूंनी कमरेचा पट्टा धुऊन, घडी घालून कपाटावर टाकला होता. दुपारच्या झोपेसाठी नवी उशी आणली होती.

“झालं एकदाचं?”

“झालं,” काका म्हणाले. “घोडे पोचवणं बंद.”

“सुटलात.”

“रविवारी फक्त एका म्हाताऱ्याला आणायचंय.”

“कुठून?”

काकांनी सांगितलं.

“आणि परत कोण सोडणार त्याला?”

“मीच.”

“किती रविवार?”

काका उशीकडे बघत राहिले. काकूंनी त्यांच्याकडे बघितलं, मग उशीकडे, मग स्टूल ओढून त्यावर चढल्या आणि पट्टा खाली काढला.

“ओला आहे अजून,” त्या म्हणाल्या, आणि तो पंख्याखाली वाळत घातला.