खाटेवरचा आवाज

उंद्रीकडच्या त्या गावात मी पहिल्यांदा गेले ती भर दुपारी. माझं काम विशेष शिक्षिकेचं. ज्या मुलांना शाळेत बसणं जमत नाही त्यांच्या घरी आठवड्यातून एकदा जायचं, त्यांना शिकवायचं, आणि घरच्यांनाही शिकवायचं. हा दुसरा भाग जास्त अवघड असतो. त्या दिवशीच्या कागदावर बारा वर्षांची एक मुलगी होती. ऑटिझम. पुढे शाळेनं लिहिलं होतं, बोलत नाही.

दार अर्धवट उघडं होतं. कडी वाजवली तशी आतून एक म्हातारा माणूस खाकरला. "कोन हाय?"

"मी चिखलीहून आले, बाबा. तुमच्या नातीला शिकवायला."

"बसा. येतेच आता."

मी ओट्यावर बसले. गल्लीत चिटपाखरू नव्हतं, सगळं गाव शेतात. आतून मधूनमधून खोकला यायचा, खाट करकरायची. एकदा तर "पानी आन वं" असंही ऐकू आलं. आत जाऊन द्यावं का, असं मनात आलं, पण परक्या घरात पुरुषमाणसाच्या खोलीत कसं शिरायचं, म्हणून बसून राहिले. वीसेक मिनिटांनी मुलीची आजी आली, डोक्यावर दळणाचा डबा.

"बाबांनी बसायला सांगितलं," मी म्हटलं.

ती दचकली नाही. डबा उतरवून तिनं माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. "तुमच्यासंगही बोलले का आज?"

आत खाटेवर ती मुलगी एकटीच बसली होती. पाय हलवत, भिंतीकडे बघत. भिंतीवर हार घातलेला एका म्हाताऱ्याचा फोटो. घरात दुसरं कुणीच नव्हतं. मुलीनं माझ्याकडे वळून पाहिलं नाही, ती फक्त खोकली. छातीतून, खोल, सत्तरीतल्या माणसासारखी. दोन वर्षांचा कोर्स केलेली, प्रमाणपत्र भिंतीवर लावलेली मी, पण दारापर्यंत किती पावलं आहेत ते मी मोजलं. खोटं कशाला सांगू?

मग डोकं ठिकाणावर आलं. ऐकलेली वाक्यं जशीच्या तशी, त्याच आवाजात, त्याच खोकल्यासकट म्हणणं, याला इकोलालिया म्हणतात. पुस्तकात वाचलं होतं. पुस्तकात ते इतकं भीतिदायक नव्हतं.

हळूहळू घर कळलं. बाप चाकणला कंपनीत, आई रोज कुणाच्या तरी वावरात मजुरीला. आजोबा वारून दोन वर्षं झाली होती. ते होते तेव्हा मुलगी दिवसभर त्यांच्याच खाटेला चिकटलेली असायची. ते गेल्यावर महिनाभर तिच्या तोंडून आवाज निघाला नाही, आणि मग एका सकाळी ती त्यांच्या आवाजात बोलली. तेव्हापासून आजी त्या आवाजाला उत्तर द्यायची, डोक्यावर पदर घेऊन, अहो-जाहो करत. शेजारणीही यायच्या, कुणाचं लग्न जमेल का ते त्या आवाजाला विचारायच्या. आईला मात्र तो आवाज सहन होत नसे. सासरा बोलू लागला की ती भांडी घेऊन मागच्या दारी जायची.

मी चित्रांची कार्डं केली. पाणी, भूक, संडास, खेळ, दुखतंय. आणि घरच्यांना नियम घालून दिला: आजोबांचा आवाज आला की लक्ष द्यायचं नाही, उत्तर द्यायचं नाही. कार्ड उचललं की ती वस्तू ताबडतोब द्यायची.

आजी हसली. "मालकाले उत्तर नको देऊ म्हनता? जल्माची सवय हाय, बाई. तुमी करून पाहा तुमच्या घरी."

आईला माझा नियम फार आवडला. तिला पळायला कारण मिळालं होतं. कार्डांचा उपयोग मुलगी एकाच कामासाठी करायची, त्यांची खाटेवर सरळ ओळ लावायची. मी अहवालात 'प्रगती मंद' लिहून मोकळी व्हायचे.

सोयाबीन सोंगायचे, कापणीचे दिवस होते. मी गेले तर आई कामावर न जाता दारातच उभी. तोंड पांढरं पडलेलं. "तीन दिवस झाले, बाई. ते म्हनून राह्यले, माह्यं काही खरं नाही आता. जाच्या आधी हेच म्हनत होते ते. पोटावर हात ठिवून, दुसरं काहीच नाही."

आत आजी नवं लुगडं नेसून बसली होती. केसांना तेल, कपाळावर अंगारा. पेटी उघडून तिनं कपड्यांच्या घड्या घातल्या होत्या, किल्ल्या सुनेच्या हाती दिल्या होत्या. तिचा चेहरा इतका शांत होता की मला तिच्याकडे बघवेना.

"मले न्याले आले," ती म्हणाली. "झाली माही तयारी."

मुलगी खाटेवर कुशीवर पडली होती, गुडघे पोटाशी घेतलेले, तोंड भिंतीकडे. तीन दिवस जेवली नव्हती. शेवटी तेही जेवत नव्हते, असं आजी म्हणाली. खोलीत ठरावीक वेळानं तो घोगरा आवाज यायचा: "माह्यं काही खरं नाही आता." थोडी शांतता. पुन्हा तेच.

मी काय केलं ते लिहिताना आजही लाज वाटते. मी कार्डं मांडली. आईला म्हटलं, लक्ष देऊ नका. अर्धा तास मी त्या खाटेशेजारी बसून चेंडूचं चित्र दाखवत होते. मग कार्ड तिच्या हातात कोंबताना तिच्या हाताला हात लागला. तो तव्यासारखा तापला होता.

"सकाळपासून तापली," आजी म्हणाली. "ते अंगात हायेत ना."

तेव्हा कुठे मला उमगलं. दुखणं कसं सांगायचं, ते ती मुलगी माझ्या कार्डावरून थोडीच शिकली होती? ते ती आजोबांकडे बघून शिकली होती. पोटावर हात, आणि ते वाक्य.

काळीपिवळी जीप मिळाली. आजीला मागे ठेवायचा विचार होता, पण ती आधीच चढून बसली, नव्या लुगड्यात. वाटेत मुलगी तेच म्हणत राहिली. ड्रायव्हरनं दोनदा आरशात पाहिलं. मागे कुणी म्हातारा चढलेला त्याच्या लक्षात नव्हता. मग त्यानं गाणी लावली आणि मागे बघणं बंद केलं.

खामगावच्या दवाखान्यात डॉक्टर तरुण होता. मुलगी अंगाला हात लावू देईना, किंचाळायची. "कुठे दुखतंय, बेटा?" त्यानं विचारलं, आईनं विचारलं, मी विचारलं. ती जणू तिथे नव्हतीच. मग आजी पुढे आली. तिनं डोक्यावर पदर सारखा केला, नवऱ्यासमोर उभी राहते तशी थोडी बाजूला उभी राहिली, आणि हलक्या आवाजात म्हणाली, "आहो, कुठी दुखते तुमाले?"

"इथी वं," म्हातारा म्हणाला.

मुलीचा हात पोटाच्या उजव्या बाजूला, खाली गेला होता. डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं. मी त्या हाताकडे बोट दाखवलं.

अपेंडिक्स होतं. त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं आणि ती वाचली. "वेळेवर आणलं," डॉक्टर म्हणाला, "पण तीन दिवस दुखत असणार. हिनं सांगितलं कसं नाही?"

सांगितलं होतं की. तीन दिवस, स्पष्ट शब्दांत. एकीनं पदर घेऊन ते नवऱ्याचं म्हणून ऐकलं, एक मागच्या दारी पळाली, आणि तिसरी शिकलेली होती, ती म्हणाली लक्ष देऊ नका. मी स्वतःला माफ केलेलं नाही. हल्ली नव्या घरी गेले की कार्डं पिशवीतच ठेवते. आधी वही काढते आणि घरच्यांना लिहायला लावते: मूल कोणतं वाक्य म्हणतं, कधी म्हणतं, त्याच्या आधी काय झालं होतं. लोकांना हे उगीच वाटतं. वाटू दे.

त्या रात्री वॉर्डाबाहेर बाकावर आजी आणि मी बसलो होतो. आई आत मुलीजवळ होती. डॉक्टरचं बोलणं आजीनंही ऐकलं होतं. ती म्हणाली, "म्हंजे पोरीचं दुखत होतं?"

"हो, आजी."

"ते नोते म्हनत."

"नाही."

ती लुगड्याचा काठ बोटांनी चाचपत राहिली. "अन 'पानी आन वं' म्हनत ते?"

"तिला तहान लागायची."

"सांजच्याले 'दिवा लाव' म्हनत."

"तिला अंधार नको असायचा, आजी."

"अन..." ती थांबली. आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना, ते तिनं पाहिलं. "अन 'बस घडीभर माह्यापाशी' म्हनत. कामात असली की. दोन वर्सांत लयदा म्हनले."

इथे मला खोटं बोलावंसं वाटलं. फार वाटलं. पण खोटं बोलले असते तर आजीनं घरी जाऊन पुन्हा पदर घेतला असता, आणि ती मुलगी पुन्हा कुणालाच ऐकू आली नसती.

"तेही तिचंच," मी म्हटलं. "तुम्ही तिच्याजवळ बसावं म्हणून."

आजीनं कपाळ दोन्ही हातांनी धरलं आणि हंबरडा फोडला. अख्खा व्हरांडा वळून बघू लागला. आतून नर्स धावत आली, तिचा चेहरा घाबरलेला. आमची मुलगी तर शुद्धीवर येत होती. "काय झालं, आजी? कोण गेलं?"

"माहे मालक गेले, बाई."

"कधी?"

"आत्ता," आजी म्हणाली.