नऊचे चौदा

माझ्या आठ वर्षांच्या मुलीचा घेवडा मी खोडरबर आणि पेन्सिल घेऊन पाच सेंटिमीटरनं वाढवला, आणि वर समाधानानं चहा प्यायलो.

ऑकलंडला येऊन आम्हाला दोन वर्षं झाली होती. रेवाच्या शाळेत मुलांनी मागच्या अंगणात वाफे केले होते. प्रत्येकानं एक घेवडा लावायचा, रोज पट्टीनं मोजायचा, आकडा वहीत लिहायचा आणि शेवटी आलेख काढायचा. शुक्रवारी पालकांसमोर त्याची हकीकत सांगायची. वर्गात तोंडही न उघडणारी आमची रेवा यंदा बोलणार होती! आठवडाभर दार लावून तयारी चालली होती.

"बाबा, नो लिसनिंग. सरप्राइज आहे."

गुरुवारी ती टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, घेऊन पोहायला गेली आणि वही टेबलावर राहिली. मी सहज उघडली. अकरा, बारा, तेरा... आणि दुसऱ्या दिवशी नऊ. मग दहा, अकरा. झाड कधी खाली वाढतं का? आलेखात मधेच खड्डा पडला होता.

इथे माझं शिक्षण सांगायला हवं. आमच्याकडे प्रॅक्टिकलचं उत्तर आधीच माहीत असायचं, त्यावरून उलटी रीडिंग्ज काढायची. लंबक न हलवता मी त्याच्या झोक्यांचा वेळ लिहिलेला आहे (तीसपैकी एकोणतीस मिळाले, एक गेला तो वहीला कव्हर नव्हतं म्हणून).

"अरे, तिला विचार तरी," चित्रा, माझी बायको, म्हणाली.

"अगं, मोजताना चुकली असेल. उद्या चारचौघांत हसं होईल पोरीचं."

"तुला कुंडीतली तुळस जगवता आली नाही. घेवड्यातलं तुला काय कळतं?"

मी लक्ष दिलं नाही. नऊचे चौदा केले, पुढचे आकडे त्या हिशेबानं वाढवले आणि खड्डा खोडून आलेख पट्टीनं सरळ ओढला.

शुक्रवारी पालक वाफ्यांशेजारी गवतावर बसले. रेवाच्या बाईंनी 'किया ओरा' म्हणून सगळ्यांचं स्वागत केलं आणि रेवा उठली. आधी पुटपुटली, मग आवाज मोकळा झाला. एका रात्री गोगलगायीनं तिच्या घेवड्याचा शेंडा खाल्ला होता. मग तिनं भोवती अंड्यांची टरफलं पसरली आणि खाली दोन नवे फुटवे आले. एवढं सगळं पोरीनं एकटीनं केलं होतं!

"लूक, हिअर इज द स्नेल डे," असं म्हणत तिनं आलेख सगळ्यांकडे वळवला. तिचं बोट खड्डा शोधत माझ्या सरळ रेघेवरून फिरू लागलं.

"देअर इज नो स्नेल डे," पुढे बसलेला एक मुलगा म्हणाला. "यू मेड इट अप."

बाईंनी वही पाहिली आणि हळूच विचारलं, "रेवा, डिड यू चेंज द नंबर्स?"

"नो, मिस." तिचे डोळे भरून आले. पोर खोटी ठरत होती, माझ्यामुळे.

लाज वाटते सांगायला, पण मी पाच-सहा सेकंद खाली वाकून बुटाची नाडी बांधली. (त्या दिवशी मी जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून गेलो होतो.) चित्रानं कोपरानं ढोसलं तेव्हा उठलो.

"इट वॉज मी."

"यू?" बाई म्हणाल्या. "बट व्हाय?"

"टु मेक इट स्ट्रेट."

कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं. कोणीच हसलं नाही. रेवानं डोळे पुसले, खोडरबर मागून घेतलं आणि सगळ्यांसमोर आठवून आठवून तो खड्डा परत काढला. मग राहिलेलं भाषण पूर्ण केलं. टाळ्या पडल्या.

गाडीत मी म्हणालो, "सॉरी, बेटा."

"यू डिडन्ट इव्हन आस्क मी, बाबा."

घरी आल्यावर तिनं मला एक कुंडी, घेवड्याचं एक बी आणि कोरी वही दिली. रोज मोजायचं, रोज लिहायचं, संध्याकाळी ती तपासणार. तीन आठवडे मी इमानेइतबारे पट्टी लावली. बी काही उगवलं नाही. शून्य, शून्य, शून्य. शेवटच्या दिवशी रेवानं वहीवर सही केली आणि मला आलेख काढायला लावला.

जन्मात पहिल्यांदा मी खरी रीडिंग्ज घेतली होती, आणि आलेख अगदी सरळ आला.