हिरव्या टिकल्यांचा तक्ता

आमच्या घरी पत्रकं घडी करायला मी अक्षरं शिकण्याआधी शिकले. बाबा कोराडीच्या वीज केंद्रात कंत्राटी कामगार होते. पाळी संपली की जमिनीवर बसून कामगारांच्या तक्रारींचा मजकूर लिहायचे, मग आम्ही सगळे मिळून कागद दुमडायचो. खिडकीतून राख यायची आणि घडीच्या रेषेत जाऊन बसायची. बाबा एकच गोष्ट बजावायचे, "पत्रकात एक शब्द खोटा गेला का बाकीचे शंभर मेले समज."

मानसशास्त्रात एम.ए. करून मी जरीपटका वस्तीतल्या एका कोचिंग क्लासमध्ये समुपदेशक झाले तेव्हा मला वाटलं, हेही तेच काम आहे. लोकांचं दुखणं कागदावर आणायचं.

दर शनिवारी मुलं एक चिठ्ठी भरत. हिरवा म्हणजे छान, पिवळा म्हणजे बरं, लाल म्हणजे त्रास होतोय. चिठ्ठ्या गोळा करून मी भिंतीवरच्या तक्त्यात प्रत्येकाच्या रोल नंबरापुढे त्या रंगाची गोल टिकली चिकटवायचे. मुलं मला टिकली मॅडम म्हणत. एकाने एकदा हिरवी टिकली कपाळाला लावून विचारलं होतं, "मॅडम, मी आज पूर्ण हिरवा. आता घरी जाऊ का?" सगळा वर्ग हसला होता. घरी जाणं शक्य नव्हतं, कारण दार अंगठ्याच्या मशीनवर चालायचं आणि चारच्या आधी कुणाच्याच अंगठ्याने उघडायचं नाही. माझ्याही नाही. पालक स्वतः न्यायला आले तरच मुलाला मध्येच सोडत.

तक्त्याच्या तळाशी आम्हा शिक्षकांचीही एक ओळ होती. आम्ही सगळे कायम हिरवे. आमचं काम किती परिणामकारक हे मुख्य कार्यालय हिरव्या टिकल्यांवरून ठरवायचं. वर्गातली किती मुलं खरंच झोपतात, जेवतात, हे कुणी विचारत नव्हतं.

एका शनिवारी अकरावीच्या एका मुलीने लाल रंग भरला. वर्षभर ती हिरवाच भरायची. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, "पेपर समोर आला का अक्षरं हलतात. तीन दिवस जेवण जाऊन नाही राहिलं."

मी लाल टिकली लावली. दहा मिनिटांत शाखाप्रमुख आले.

"काय मॅडम, सोमवारच्या मीटिंगसाठी तक्त्याचा फोटो आजच जाते ना वर, मुख्य कार्यालयात. एक लाल पूर्ण बॅच खराब करते."

"सर, तिला खरंच त्रास आहे."

"मग बोला ना तिच्याशी, कोण नाही म्हणून राहिलं? बोला पुढच्या हप्त्यात. टिकली तेवढी हिरवी करा. तुमचंही नोकरीचं कन्फर्मेशन याच महिन्यात आहे न?"

मी नखाने लाल टिकली काढली आणि हिरवी लावली. हे वाचून कुणाला दोष द्यायचा असेल तर आधी मला द्यावा. माझा हात कुणी धरला नव्हता.

सोमवारी ती मुलगी तक्त्यासमोर थोडा वेळ उभी राहिली आणि वर्गात गेली. पुढच्या शनिवारी तिची चिठ्ठी हिरवी होती. मजकूर काहीच नाही.

मी तिला मधल्या सुट्टीत जिन्यावर गाठलं. "मागच्या वेळी मी तुझी टिकली बदलली," मी म्हटलं.

"माहीत आहे मॅडम."

"मग आज हिरवं काहून भरलं?"

ती जिन्याच्या कठड्याकडे बघत म्हणाली, "तुमचीबी नोकरी आहे ना."

मग ती म्हणाली, "तुमचे बाबा कोराडीच्या केंद्राच्या फाटकावर पत्रकं वाटत होते ना? माझे बाबाबी तिथंच कामाले, ते आणत घरी. म्हणत, हा माणूस खोटं नाही लिहीत. म्हणून मी त्या दिवशी लाल भरलं होतं."

"आता लावते लाल," मी म्हटलं.

"नका लावू. सर्वे पाहतात, मंग चिडवतात. मले फक्त वाटत होतं का कोणी विचारन."

"जेवलीस?"

तिने नाही अशी मान हलवली. माझ्या डब्यातली अर्धी पोळी तिने कशीबशी खाल्ली. मग मी विचारलं, घरी फोन लावू का. तिने स्वतःच लावला. पलीकडून आईचा आवाज आला, "काहून वं, या टायमाले?" आईने दोनदा हाका मारल्या. शेवटी ती एवढंच म्हणाली, "आई, मले न्यायले ये."

कोराडीहून बस यायला तासभर लागला. तोवर आम्ही जिन्यावरच होतो. वर्गातून मुलांचा एकसुरी आवाज येत होता, काचा फिल्म लावून आंधळ्या केलेल्या होत्या, बाहेर ऊन आहे की ढग तेही कळत नव्हतं. तिची आई आली, रखवालदाराच्या वहीत सही केली, लेकीची बॅग स्वतःच्या खांद्यावर घेतली. रखवालदाराने किल्लीने दार उघडलं, त्या दोघी गेल्या, दार बंद झालं.

मी वर आले. तक्त्याच्या तळच्या ओळीत माझी टिकली होती, हिरवी, इतकी जुनी की कडा काळ्या पडलेल्या. ती खरवडताना खालचा कागदही थोडा निघाला. त्या जागी मी लाल लावली.

शाखाप्रमुखांनी फोटो काढण्याआधी ती पाहिली. "हे काय? तुमचीच?"

"हो. विचारा ना काय झालं."

त्यांनी विचारलं नाही. "बदला ते," म्हणाले.

मी बदलली नाही. खाली जाऊन मशीनवर अंगठा ठेवला. चार वाजायला वीस मिनिटं होती, दार उघडलं नाही.